माणसं आपोआप 'आपल्यातच' राहतात का? घर, आडनाव आणि कायदा याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भाड्याने घर शोधताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, फॅमिली ग्रुपवर, कुठेही हा विषय निघाला की तेच प्रश्न फिरून फिरून येतात, दर वेळी पहिल्यापासून टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, पण घरं बदलून बदलून यातलं बरंच वाचावं लागलंय.

आपल्या माणसांत राहावंसं वाटणं नैसर्गिकच आहे ना?

थोडंफार हो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. गिरणगाव घ्या ना. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईत उतरायचा तेव्हा त्याच्याकडे एक ट्रंक आणि गावच्या मंडळाच्या खोलीचा पत्ता एवढंच असायचं. एका खोलीत गावची वीस-पंचवीस माणसं, पाळी संपवून एक आला की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची, जेवायला ओळखीच्या बाईची खानावळ, आणि गिरणीत चिकटवायचं तर मुकादमही ओळखीतलाच. नवख्या माणसाला भाषा, जेवण, उधारी आणि आजारपणात बघणारं कोणीतरी लागतं, ते आपल्या गावच्यांत मिळतं. गिरगावात गावदेवीला सारस्वतांची को-ऑपरेटिव्ह सोसायटी १९१५ सालची, मुंबईतली पहिली, तिच्यामागेही बरंचसं हेच कारण.

इथपर्यंत माझं कोणाशी भांडण नाही. लोक इथून एक उडी मारतात आणि म्हणतात की म्हणजे वस्त्या वेगळ्या होणारच, कायद्याने काय फरक पडतो. त्या उडीत घोळ आहे, कारण जवळ राहायला जाणं आणि दुसऱ्याला दारातून परत पाठवणं या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसतात एवढंच.

पण गावात प्रत्येकाची वाडी, आळी वेगळीच होती की, आणि सगळे सुखाने नांदत होते.

कुणाच्या अंगणातून बघताय त्यावर आहे. कोकणात एकाच गावात कुणबीवाडी, भंडारवाडी, तेलीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला असं असतं, देशावर गल्ल्या आणि वाडे. तेली तेल्याजवळ राहिला हे धंद्यामुळे झालं म्हणता येईल. पण महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर होता तो तिथल्या लोकांना बाहेरची हवा आवडायची म्हणून नव्हता हो. पाणी कुठे भरायचं आणि कुठल्या वाटेने जायचं हे सगळं ठरवून दिलेलं होतं, आणि मोडलं तर मार होता.

महाडचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. एस. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी दलित माणूस तळ्यावर जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक जाऊन पाणी प्याले, त्यानंतर मारहाण झाली, आणि तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. मग सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय, तर अनादी काळापासून ही वहिवाट आहे, तळं आमचंच. म्हणजे 'हे असंच असतं' हा आजचा युक्तिवाद तेव्हा कायद्याच्या भाषेत मांडला गेला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला, अशी अनादी वहिवाट सिद्धच झाली नाही म्हणून. खरी अनादी गोष्ट टिकवायला काठ्या कशाला लागल्या असत्या.

समजा कोणी काठी घेतली नाही, कोणी कोणाला नाकारलं नाही, तरी वस्त्या वेगळ्या होतातच ना?

होऊ शकतात. थॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० च्या आसपास हे दाखवलं, पुढे २००५ साली त्यांना नोबेलही मिळालं (त्यांच्या दुसऱ्या कामासाठी, पण असो). घरी करून बघता येतं. बुद्धिबळाचा पट घ्या, त्यावर एक रुपयाची आणि पाच रुपयांची नाणी मिसळून पसरा, काही घरं रिकामी ठेवा. नियम एवढाच की प्रत्येक नाण्याला आजूबाजूला साधारण एक तृतीयांश तरी आपल्यासारखे शेजारी हवेत, तेवढे नसतील तर ते उठून दुसऱ्या रिकाम्या घरात जाणार. लक्षात घ्या, हे नाणं कट्टर नाहीये, दोन तृतीयांश शेजारी वेगळे असले तरी त्याचं काही म्हणणं नाही. तरी पाच-दहा मिनिटं हलवाहलवी केली की एका बाजूला रुपये आणि दुसऱ्या बाजूला पाचची नाणी गोळा झालेली दिसतात.

लोक यावरून म्हणतात की बघा, भेदभाव नसतानाही होतं. मला यातून उलटंच काहीतरी दिसतं. एक तर शेवटचा पट बघून एकेका नाण्याच्या मनात काय होतं ते सांगता येत नाही, म्हणजे 'सगळे वेगळे राहतात म्हणजे सगळ्यांना तसंच हवंय' हे वाक्य या खेळातच पडतं. आणि दुसरं, त्या पटावर प्रत्येक नाणं मोकळ्या घरात जाऊन बसू शकतं. खऱ्या शहरात रुपयाला सगळी घरं उघडी असतात आणि पाचच्या नाण्याला ब्रोकर सांगतो की ते घर कालच गेलं.

आडनाव विचारलं तर लगेच भेदभाव कसा?

विचारलं म्हणून नाही, विचारल्यावर काय होतं त्यावर. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग "नाव काय म्हणालात?" आणि मग "पूर्ण नाव?" आणि मग दोन सेकंद शांतता. ज्याला ही शांतता कधी ऐकावी लागली नाही त्याला हा प्रश्न साधा वाटतो.

हे मोजलंही गेलंय. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली छापलेल्या अभ्यासात पेपरमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या भागात भाड्याच्या घरांसाठीही असाच प्रयोग केला, २०१५ मध्ये छापला, चित्र तेच.

फक्त व्हेज लोकांना घर दिलं तर त्यात काय चुकलं? मटणाचा वास येतो.

वासाचा त्रास असू शकतो, मला स्वतःला सुक्या बोंबलाचा वास आवडतो आणि बायकोला नाही, घरात रोजची चर्चा आहे. स्वतःच्याच घरातली एक खोली भाड्याने देताना माणूस हे बघणार, ठीक आहे. पण शंभर-दीडशे फ्लॅटचा अख्खा टॉवर 'व्हेज' होतो तेव्हा तो वासाचा मामला राहत नाही. मुंबईत व्हेज म्हटलं की मुसलमान, ख्रिश्चन, दलित, आगरी-कोळी आणि निम्म्याहून जास्त मराठी माणूस एका शब्दात बाहेर, आणि जात-धर्माचा उल्लेखसुद्धा करावा लागत नाही. मूळ कोळ्यांच्या बेटांवर मासळी खाणाऱ्याला घर मिळू नये हा विनोद मला तरी कधी पचला नाही.

आणि हो, मराठी माणसाला याचा राग येतो तो फक्त आपल्याला नाकारलं की. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला तेव्हा सगळा महाराष्ट्र खवळला, बरोबरच होतं. पण तोच खवळलेला माणूस पुण्यात स्वतःचा टू बीएचके भाड्याने देताना ब्रोकरला हळूच सांगतो, "ते लोक नको हां." मी हे ऐकलंय, एकदा नाही, बऱ्याचदा.

घर माझं, मर्जी माझी. कायदा मला सांगणार कोण?

आत्ताचा कायदा तुम्हाला बराचसा मोकळा सोडतो ही खरी गोष्ट आहे, बऱ्याच जणांना उलट वाटतं. घटनेचं कलम १५(१) धर्म, जात, लिंग वगैरेवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ती मनाई सरकारला. १५(२) खाजगी लोकांनाही लागू होतं, पण त्यात दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते आहेत, भाड्याच्या घराचा उल्लेख नाही.

अस्पृश्यतेची गोष्ट वेगळी. कलम १७ थेट सगळ्यांना लागू आहे, आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये कुठल्याही वस्तीत राहायचं घर घ्यायला, बांधायला, त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. सत्तर वर्षांचा जुना कायदा, पण हे वाक्य त्यात आहे हे कमिटीतल्या दहापैकी नऊ जणांना माहीत नसतं.

गंमत पुढे आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला त्या कारणाने घर भाड्याने नाकारता येत नाही, २०१७ चा कायदा. तृतीयपंथी व्यक्तीला नाकारता येत नाही, २०१९ चा कायदा, दोन्हीकडे घर विकत घेणं, भाड्याने घेणं, राहणं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे खाजगी मालकाच्या मर्जीला हात लावायचाच नाही असं काही आपल्या संसदेचं तत्त्व नाहीये. फक्त धर्माचा विषय आला की गाडी अडते. मुसलमानांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोग नेमा म्हणून सुचवलं होतं, शशी थरूर यांनी सर्वंकष भेदभावविरोधी विधेयक खाजगी सदस्य म्हणून लोकसभेत मांडलं होतं, दोन्ही कागदावरच राहिलं.

मर्जीबद्दल एक आठवण करून देतो. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबियातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. मग मित्रांकडे विचारलं, तर एक म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, दुसरा म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. या मित्रांपैकी कोणीच शिवी दिली नाही, दोघेही सभ्य. ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. "मला काही प्रॉब्लेम नाही पण सोसायटीवाले..." हे वाक्य ऐकलं की मला तो नोकरवाला मित्र आठवतो.

मग पारशी कॉलनी कशी चालते?

अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितलं की सभासद फक्त पारशी असावा हा बायलॉ, म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम, चालतो, लोकांना संस्था काढायचा हक्क आहे, आणि कलम १५ सोसायटीला लागू होत नाही कारण ती म्हणजे सरकार नव्हे. संख्या कमी होत चाललेल्या छोट्या समाजाने आपली कॉलनी जपावी हे मला समजू शकतं. अडचण अशी की निकालातलं तत्त्व संख्या बघत नाही. उद्या मोठ्या, पैसेवाल्या समाजांच्या सोसायट्यांनी एकेक करून हेच केलं तर शहरात बाकीच्यांना काय उरणार, याचं उत्तर त्या निकालात मिळत नाही. मला तो निकाल पटत नाही, पण आज तरी कायदा तोच आहे.

मग ज्ञातीची मंडळं, वधूवर मेळावे हेही बंद करायचे का?

नाही हो. भजनी मंडळात कोणाला घ्यायचं आणि लग्न कोणाशी करायचं यात कुठलाच भेदभावविरोधी कायदा नाक खुपसत नाही. नोकरी, घर, शाळा, दुकान, दवाखाना, जिथे नाकारलं की माणसाचं आयुष्य अडतं, तेवढ्यापुरतं हे असतं.

अर्थात मंडळ जेव्हा वाळीत टाकायला लागतं तेव्हा गोष्ट बदलते. रायगडात गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं इतकी निघाली, जातपंचायतींच्या विरोधात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने एवढा पाठपुरावा केला, की महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा केला, २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांना वाटतं की माणसं आपापल्यातच सुखी असतात त्यांनी वाळीत टाकलेल्या घरातल्या माणसाशी एकदा बोलावं, त्याला टाकणारी त्याचीच माणसं असतात.

कायद्याने मनं थोडीच बदलतात?

नाही बदलत, लगेच तर नाहीच. पण मन न बदलता वागणं बदललं तरी खूप झालं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा. विणकामात पगार बरा, म्हणून १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. ती सोबत काम करणाऱ्यांची 'नैसर्गिक आवड' होती असं म्हणा हवं तर, पण तिची किंमत दर महिन्याच्या पगारात दुसराच कोणी मोजत होता.

अमेरिकेत १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात फेअर हाऊसिंग कायदा झाला. वस्त्या एका रात्रीत मिसळल्या नाहीत, अजूनही पूर्ण मिसळलेल्या नाहीत. पण तिथे एक पद्धत आहे, सारख्या पगाराची दोन माणसं, एक गोरा एक काळा, एकाच घरमालकाकडे पाठवतात आणि दोघांना काय उत्तर मिळालं ते ताडून बघतात, त्यावर केस उभी राहते. "घर कालच गेलं" हे वाक्य पकडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. आपल्याकडे हे फक्त संशोधक करतात.

कायद्यानेच लोकांना वेगळं केलं असंही झालंय ना?

भरपूर. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. सरकारी हमीची गृहकर्जं गोऱ्या उपनगरांना मिळाली. तीस वर्षांनी लोक म्हणायला लागले की काळे लोक तिकडेच राहतात, त्यांना तेच आवडतं.

गुजरातमध्ये १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा आहे. दंगलीच्या भीतीने कोणी मातीमोल भावात घर विकू नये म्हणून केलेला, हेतू चांगला, पण जाहीर केलेल्या भागात घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते आणि व्यवहारात हिंदूचं घर मुसलमानाने घेणं किंवा उलट, हेच अवघड होऊन बसलं. म्हणून आधी फक्त आवड असते आणि कायदा नंतर येतो हा क्रमच बऱ्याचदा चुकीचा असतो.

मुंब्र्याला तर लोक स्वतःहून गेले?

मुंबईतले मुसलमान १९९२-९३ च्या दंगलीनंतर गेले. याला स्वतःहून म्हणायचं असेल तर पुराच्या पाण्यात घर सोडणाराही स्वतःहूनच निघतो. आणि एकदा गेले की पुढच्या पिढीला तिथेच शाळा, तिथेच मशीद, तिथेच नातेवाईक, मग ती तिथे राहायलाच पसंती देते आणि आपण पसंतीकडे बोट दाखवतो. प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेचा २०२१ चा सर्व्हे आहे, त्यात ३६ टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको असं सांगितलं होतं. ज्याला हे माहीत आहे तो घर कुठे शोधेल?

सरकारने जबरदस्तीने मिसळून टाकलं तर?

सिंगापूरने केलंय. तिथे बहुतेक लोक सरकारी बांधणीच्या घरात राहतात, १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये वंशाप्रमाणे कमाल मर्यादा आहे, मलय २५ टक्के, चिनी ८७ टक्के असं. वेगळ्या वस्त्या झाल्या नाहीत हे खरं. पण मर्यादा भरलेल्या ब्लॉकमध्ये मलय किंवा भारतीय माणसाला घर विकायचं असेल तर गिऱ्हाईक फक्त आपल्यातलंच शोधावं लागतं, भाव पडतो, म्हणजे भार पुन्हा अल्पसंख्याकावर. मला इथे असं काही हवंय असं नाही. दार उघडं राहिलं तरी पुष्कळ.

अमेरिकेतली मराठी मंडळीही एडिसनमध्ये एकत्रच राहतात की.

राहतात, गणपती बसवतात, शनिवारी पोरांना मराठी शाळेत नेतात, छान आहे. पण ती तिथे राहू शकली, कारण तिथला गोरा घरमालक "इंडियन नको, मसाल्याचा वास येतो" अशी जाहिरात देऊ शकत नाही. आणि जात त्यांच्यासोबत विमानात बसून गेलीच, म्हणून सिएटलने २०२३ मध्ये भेदभावविरोधी नियमात जातीचा समावेश केला, असं करणारं तिथलं पहिलं शहर.

मला घर नाकारलं किंवा सोसायटी आडवी आली तर काय करू?

आधी सगळं लेखी मागा. ब्रोकरचे मेसेज डिलीट करू नका. घर विकत घेत असाल तर सहकारी कायद्याप्रमाणे सोसायटीला योग्य कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते. घर भाड्याने असेल तर मॉडेल बायलॉजप्रमाणे मालकाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगीची भीक मागायची नसते, भाडेकरूची 'मुलाखत' घ्यायचा कमिटीला काही हक्क नाही. जातीवरून नाकारलं असेल तर वर सांगितलेला १९५५ चा कायदा आणि अॅट्रॉसिटी कायदा आहे, वकील गाठा. धर्मावरून खाजगी मालकाने नाकारलं तर हातात फारसं काही नाही, उगाच आशा लावत नाही.

वेगवेगळ्या लोकांना एकत्र ठेवलं तर भांडणंच होतात, बीडीडी चाळीत दंगल झाली होती ना?

झाली होती, १९७४ ला वरळीत, दलित पँथर आणि शिवसेना. पण तेव्हाही चाळी बऱ्यापैकी वाटलेल्याच होत्या, ही बौद्धांची, ती हिंदूंची, दगड या गच्चीवरून त्या गच्चीवर जायचे. आता त्याच जागी टॉवर उभे राहतायत, १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, आणि कुठल्या मजल्यावर कुठला नंबर हे म्हाडाची लॉटरी ठरवते. शेजारी कोण आलाय हे चावी मिळाल्यावर कळतं.